लक्ष्मणरावांची दास्तान

जामबागेत आमच्या भिंतीला भिंत लागून लक्ष्मणराव राहत. निजामाच्या दफ्तरात सारा जन्म गेलेला, त्यामुळे उर्दू मराठीहून सफाईची. बायको गेल्यावर ते चातुर्मासात दुपारी आपल्या ओसरीवर आम्हा बायकांना पोथी वाचून दाखवू लागले. आम्ही वाती वळत ऐकत असू. अध्याय संपला की पोथी रुमालात बांधून बाजूला ठेवायची आणि दास्तानीची किताब उघडायची, असा त्यांचा नेम. पुष्कळ भागांची तिलिस्मी, म्हणजे जादूटोण्याची, दास्तान होती ती. सगळ्या शहराला तिचं वेड. ते उर्दू वाचत आणि मराठी सांगत.

खरं तेच लिहिते. पोथीला आमच्यातल्या कितीतरी जणी पेंगत, दास्तानीला एकही नाही. मला ते खटके. काय होतं त्यात एवढं? शहजादा जादूच्या किल्ल्यात शिरतो, एक दार उघडतो तर आत दुसरं. जिन्न येतो, शहजादा बेशुद्ध पडतो, परी पाणी शिंपडते, तो उठतो. पुढच्या भागात पुन्हा तेच. ना बोध, ना भक्ती.

त्यांचा दिगंबर शाळेत मास्तर. तो हसे. "बाबा, पाचवीतली पोरंसुद्धा सोडतात असलं वाचणं."

"हौ, सोडतात. मग म्हातारपणी परत धरतात."

"लोकांनी डोक्यावर घेतलं म्हणजे चांगलं असतं का?"

"चांगलं कोण म्हणतंय?"

समोरच्या घरातली भामा मधेच विचारी, "काका, शहजादा सुटेल ना पण?"

"सुटतोच. नाही सुटला तर किताब कोण घेईल?"

पण कसा सुटतो ते त्यांनाही ठाऊक नसे. पोथीसारखंच, आजचं आज वाचायचं, पुढचं पान चाळायचं नाही. शेवटचा भाग सुरू झाला तेव्हाच निजामाचं जुनं राज्य मोडून त्याच्या तीन वाटण्या करायचं ठरलं आणि दिगंबरची बदली औरंगाबादला झाली. जाण्याआधी दास्तानीची समाप्ती करायची असं बायकांनी ठरवलं.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांची सून निर्मला भिंतीपाशी आली. "वहिनी, काल बाबा मारुतीला गेले तेव्हा ह्यांनी सगळ्या किताबा आबिड्सच्या रद्दीवाल्याला दिल्या. शेवटचा भागसुद्धा. तिकडे उर्दू कोण वाचतंय म्हणाले.  बाबा रात्री जेवलेच नाहीत."

दुपारी लक्ष्मणराव रोजच्यासारखे येऊन बसले. अध्याय वाचला. पण पोथी मिटली नाही. तशीच मांडीवर ठेवून पानं उलटीत दास्तान सांगू लागले. बाकीच्यांच्या माना वातींवर होत्या. मी जवळ होते, मला दिसलं. देवाच्या पोथीवर जिन्नाची गोष्ट, मला राग यायला हवा होता. आला नाही.

ते अगदी हळू सांगत होते. शहजादा शेवटच्या दाराशी पोचला. परी आली नाही. बाहेरचे त्याचे दोस्त वाट पाहून एकेक करून आपापल्या मुलखाला निघून गेले. आत शहजादा बसून राहिला.

"मग?" भामा म्हणाली.

"मग काही नाही. एवढंच आहे."

"असं कुठं असतं का, काका?"

"या भागात असंच लिहिलंय, बाई."

दिगंबर शाळेतून आला. चपला काढता काढता म्हणाला, "झालं का तिलिस्म? काय झालं शेवटी?"

"तुझ्या कामाचं नव्हतं," लक्ष्मणराव म्हणाले आणि पोथी बांधू लागले. कुणी नारळ फोडला नाही.

दुसऱ्या दिवशी ते सगळे औरंगाबादला गेले. भामाला मात्र चैन पडेना. तिनं भावाला आबिड्सला पाठवून जुन्या किताबांतून तो भाग शोधून आणवला आणि माझ्याकडे घेऊन आली. आमच्या ह्यांना उर्दू येतं, एका संध्याकाळी सहज वाचून दाखवलं असतं.

ती किताब एवढी नावाजण्यासारखी होती असं मला आजही वाटत नाही. तरी ह्यांच्यापुढे ती ठेवायला माझा हात झाला नाही. शहजादा त्यात सुटलाच असणार. मग लक्ष्मणराव खोटे ठरले असते.

भामाला म्हटलं, ह्यांना सवड नाही.