शर्यतीनंतर सुनेचे पाय

सुनेची लघवी काळ्या चहासारखी झाली होती. तिने संडासातूनच हाक मारली, "आत्या, हे काय झालं बघा." मी तिला तसंच दवाखान्यात नेलं.

परवा नाशिकला लांबची शर्यत पळून आल्यापासून तिच्या मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या. तरी दुखण्याच्या गोळ्या गिळून ती द्राक्षांच्या विरळणीला गेली. घरी राहिली असती तर मजुरीच्या टोळीतल्या बाया म्हणाल्या असत्या, "मेडल मिळालं न्‌ बाई बसली!" उन्हात पाणीही धड प्यायली नाही.

डॉक्टर म्हणाले, "स्नायू फुटलेत. त्यांचा गाळ किडनीत अडकलाय. किडनी बंद पडू शकते."

सलाईन चालू होतं. मी लघवीच्या पिशवीवरून नजर हलवली नाही. रंग उतरेना. माझा मुलगा रडायला लागला, त्याला बाहेर घालवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रंग पिवळा झाला. सून वाचली.