चार बल्बचा पिक्चर

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही: भुताचा पिक्चर मी डोळे मिटून बघतो. म्हणूनच बहुधा एकलहऱ्याच्या टपरीवर, आम्हा भयपटवेड्यांच्या चहाच्या बैठकीत, पिक्चरमधल्या आवाजाबद्दल माझं मत शेवटचं मानतात.

आमच्यातल्या, वीज केंद्रात नोकरीला असलेल्या एका गृहस्थांचं मोजमाप वेगळंच होतं. रात्री घरात किती बल्ब चालू ठेवून झोपावं लागलं, त्यावर पिक्चर किती भारी ते त्यांचं ठरायचं. "लय भारी, दोन बल्ब! संडासातला धरून," असं ते बशीत चहा ओतत बिनदिक्कत सांगायचे. बाकी आम्ही सगळे कशालाच न घाबरणारे, त्यामुळे आम्हाला प्रत्येक पिक्चर फालतू वाटायचा.

एकदा थिएटरात ते माझ्या शेजारी बसले होते. दुसऱ्या दिवशी टपरीवर वाद पेटला, भुतीण आरशातून आली की कपाटातून? सगळे माझ्याकडे वळले. मी चहावर फुंकर मारत बसलो.

"सरांना आवाजाचं विचारा ना," ते म्हणाले. "कुठून आली ते आम्ही बी सांगू. आरशातून!"

मी सावरलो आणि आवाजावर भरपूर बोललो. मग त्यांनी चार बल्ब जाहीर केले, तर मी म्हणालो, "तुम्ही आपले दिवेच लावा!" टपरी खदाखदा हसली. तेही हसले. माझे मिटलेले डोळे त्यांनी पाहिले होते, तरी बोलले नाहीत.

तेव्हापासून कुठलाही पिक्चर असो, ते "बरा होता" एवढंच म्हणतात.

माझे डोळे मिटलेले होते, हे त्याच टपरीवर सगळ्यांदेखत सांगणं, एवढं त्यांचं देणं माझ्याकडे अजून बाकी आहे.