देवळातलं वॉशिंग मशीन

चहा घेताय ना? घ्या. बिनसाखरेचा मिळणार नाही, आमच्याकडे तो फक्त आजारी माणसाला देतात. आता माझी फजिती ऐका. वाडीत दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलीत, तर तिला मीठमसाला लागलेला असेल. माझ्याकडे नुसती उकडलेली मिळेल.

मी सुलोचना धनावडे. देवरूखच्या वरच्या अंगाला धनावडेवाडी आहे, तिथे राहते. वाडीत एकवीस घरं आणि एकवीसच्या एकवीस धनावडे. नवा पोस्टमन आला की पहिले चार दिवस रडकुंडीला येतो. शिक्षण म्हणाल तर चौथी. पण ग्रामसभेत बोलायला चौथी पुरते, कारण माझ्याहून जास्त शिकलेले तिथे गप्प बसतात.

माझी मतं गावाला पाठ आहेत. कर भरावा, नाही कशाला म्हणू? पण ज्याच्यासाठी भरायचा ते आधी डोळ्यांना दिसावं. आणि जुगार वाईट. आकड्याचा वाईट, पत्त्यांचा वाईट आणि मोबाइलवरचा सगळ्यात वाईट, कारण पत्ते निदान चुलीत घालता येतात.

आमच्या घराघरांत नळ आले. तोट्या अशा चकचकीत, की त्यांत बघून कुंकू लावावं. पाणी मात्र नाही! माझ्या तोटीत कोळ्याने संसार थाटला, पोरंबाळं झाली त्याला. आम्ही आपल्या जांभ्याच्या पायऱ्या उतरून विहिरीवर. ग्रामसेवक भाऊसाहेबांना विचारलं की एकच उत्तर, "मोटर जळली आहे, ताई."

"भाऊसाहेब, माणूस जळला तर तेराव्या दिवशी सुतक फिटतं. तुमच्या मोटरीचं किती दिवस पाळायचं?"

ते हसले. हसणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून मी घरी आले आणि वाडीतल्या बायका गोळा केल्या. ठरलं. नळाला पाणी येत नाही तोवर वाडीतून घरपट्टी नाही, पाणीपट्टी नाही. बिलं आली तशी मी सगळ्यांच्या घरून गोळा केली आणि माझ्या चुलीत घातली. वाचलीसुद्धा नाहीत. काय वाचायचंय त्यात? आकडेच ते.

हे 'वाचलीसुद्धा नाहीत' लक्षात ठेवा.

मग ग्रामपंचायतीने काय करावं? फळ्यावर लिहिलं, जो मुदतीत कर भरेल त्याच्या नावाची चिठ्ठी डब्यात टाकणार, आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्याला वॉशिंग मशीन!

मी तो फळा दोनदा वाचला. कराचा जुगार! तोही सरकारी! आणि बक्षीस काय, तर पाणी नसलेल्या गावात कपडे धुवायचं मशीन. टकल्याला कंगवा द्यावा तसं.

वाडीतली माणसं मात्र पाघळायला लागली. माझी जाऊ सुनंदा विहिरीवर हंडा बुडवता बुडवता म्हणाली, "वैनी, मशीन चांगलं असतं म्हणे. आपसूक पिळून देतं."

"तुला पिळायचा एवढा कंटाळा, तर दादल्याला लाव पिळायला."

"तो मुंबईला हाय ना गो."

"मग मशीनसुदीक मुंबईलाच शोभतं."

बोलले खरी, पण पुढचं सगळं मला दिसलं. उद्या ही चोरून कर भरणार, तिचं बघून दुसरी भरणार आणि माझा पाण्याचा हट्ट त्या मशीनमध्ये धुऊन निघणार. आमच्या वाडीत कागदावर सही केलेली माणसं फिरतात. देवासमोर 'व्हय म्हाराजा' म्हटलेली फिरत नाहीत. म्हणून मी सगळ्यांना देवळात नेलं आणि दाजी गुरवाला म्हटलं, "गाऱ्हाणं घाल."

दाजीने नारळ हातात घेतला. "शिक्षा काय घालू वैनी? करार मोडणाऱ्याला?"

"चांगली कंबर मोडेल अशी घाल. रोज दोन हंडे पाणी विहिरीवरनं देवळात भरायचं. नळाला पाणी येईस्तवर."

"वैनी, पायऱ्या बऱ्याच हायत हां. जरा कमी करू? एक हंडा?"

"दोन! आणि ती बक्षिसाची वस्तू घरात न्यायची नाय."

दाजी सुरू झाला. "हे देवा म्हाराजा! आज ही जी धनावडेवाडीची लेकरं तुझ्या पायरीशी उभी हायत..."

"व्हय म्हाराजा!"

"त्यांच्यातला जो कोण कर भरून जुगाराची चिठ्ठी घालील..."

"व्हय म्हाराजा!"

"त्यानं रोज दोन हंडे पाणी तुझ्या दारात वतावं, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज कोणाचा होता, ते सांगायला हवं का?

त्याच आठवड्यात धाकट्या लेकीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी रहिवासी दाखला लागला. गेले पंचायतीत. भाऊसाहेब म्हणाले, "ताई, थकबाकी असली की दाखला देता येत नाही."

झालं! मी पदर खोचला. अर्धा तास त्या माणसाला असा सोलला, की बाहेर रांगेत उभी असलेली माणसं घरी गेली. जन्म इथला, राहणं इथलं, मरणही इथलंच, आणि रहिवासी आहे का ते तोटीला विचारणार? मधेच भाऊसाहेबांनी मोबाइल कानाला लावला. मला वाटलं, घाबरून वरच्या साहेबाला विचारतोय. मी आवाज आणखी चढवला. म्हटलं, साहेबालाही ऐकू जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी गेले, तर दाखला तयार! वर चहा. वर "बसा ना ताई."

आता सांगा, तुम्हाला काय वाटलं असतं? मलाही तेच वाटलं. महिनाभर मी वाडीत सांगत होते, "बघितलंत? एक पैसा भरला नाय. नुसत्या तोंडावर दाखला काढला!" बायका कौतुकाने बघायच्या. दोघीतिघींनी तर कसं झापायचं, ते शिकूनही घेतलं.

सोडतीचा दिवस उजाडला. पंचायतीच्या अंगणात मांडव, मधे ते मशीन, त्याला झेंडूचा हार. आम्ही वाडीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन गेलो आणि अगदी पुढे बसलो. बोलायचं नाही, नुसते हंडे दाखवायचे, असं ठरलं होतं. म्हणजे बायकांनी बोलायचं नाही. मी बोलणारच होते.

सरपंचबाईंनी डब्यात हात घातला, चिठ्ठी काढली, भाऊसाहेबांकडे दिली. त्यांनी उघडली. वाचली. माझ्याकडे बघितलं. पुन्हा वाचली.

"विठोबा रामा धनावडे. धनावडेवाडी."

मी उभीच राहिले! "कोण? कोण तो विठोबा? वाडीतला? देवासमोर व्हय म्हाराजा म्हणून चिठ्ठी घालतोस मेल्या? उठ! तोंड दाखव!"

कोणी उठेना. सुनंदा माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. वाडीत विठोबा नावाचा माणूसच नाही! आणि मग माझ्या डोक्यात असा लख्ख उजेड पडला म्हणता! वाटलं, आज गावाचं दुखणं मी एकटीने शोधून काढलं.

"बोगस!" मी ओरडले. "लोक हो, बोगस नाव हाय! नसलेल्या माणसाच्या नावावर मशीन काढतायत आणि आपल्याच घरात नेऊन ठेवणार! सरपंचबाई, हेच तुमचं मशीन आणि हाच तुमचा कर!"

मांडवात गलका. मागून पुरुष ओरडायला लागले, "बरोबर हाय! बरोबर हाय!" सरपंचबाईंचा चेहरा पडला. त्या बिचारीने आयुष्यात कधी कोणाची फुकटची सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती.

भाऊसाहेब स्टेजवरून उतरून माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "ताई, बसा. आपण नंतर बोलू. तुमच्याच भल्यासाठी सांगतो."

"माझ्या भल्याचं सगळ्यांसमोर सांगा! दप्तर उघडा! कुठे हाय ह्या विठोबाचं घर?"

"ताई, नको."

"उघडा!"

उघडलं. माणूस किती वेळा वाचवणार हो दुसऱ्याला? माइकवरून त्यांनी वाचलं, "घर क्रमांक चौदा. मालक, विठोबा रामा धनावडे, मयत. जांभ्याचं कौलारू घर, पुढे पडवी, मागे गोठा. भोगवटादार..." इथे त्यांनी माइक जरा लांब धरला. "भोगवटादार, सौ. सुलोचना धनावडे."

मागच्या रांगेतून भागीआत्या, नव्वदीची म्हातारी, खणखणीत आवाजात म्हणाली, "गो सुलू, विठोबा म्हंजे आपला बुवा! तुझा आजेसासरा गो!"

आता मला काय माहीत? मी सून म्हणून आले, तेव्हा आजेसासरे भिंतीवर होते. फोटोत. सगळी वाडी त्यांना बुवा म्हणायची. सासरच्या मोठ्या माणसांची नावं आम्ही बायका घेत नाही, मग विचारणार तरी कुणाला? घर अजून त्यांच्याच नावावर होतं, ते त्या बिलावर दरवर्षी छापून येत होतं. आणि ते बिल मी काय केलं? न वाचता चुलीत!

मग कुठेतरी एक हंडा घरंगळला आणि जे हसणं सुटलं, ते देवरूखच्या बाजारात ऐकू गेलं असेल.

मी तिथूनच मुंबईला फोन लावला. आमचे हे तिथे नोकरीला आहेत.

"अहो, घरपट्टी तुम्ही भरलीत?"

"भरली." आवाज अगदी बारीक.

"मला न विचारता?"

"तुला विचारून कोण भरतो गो? तू तिकडे भाऊसाहेबांना झापत होतीस ना, तेव्हा त्यांनी मला फोन लावलेला. तुझा आवाज हिकडे आख्ख्या खात्यात ऐकू आला. आमचा साहेब म्हणाला, धनावडे, काय ते भरून टाका. मग मी मोबाइलवरनं भरलं."

म्हणजे दाखला माझ्या तोंडाने मिळाला, हे खोटं नव्हतं. फक्त तोंड लागलं ते आमच्याच माणसाला!

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी गुरव दारात हजर. "वैनी, गाऱ्हाणं देवासमोर झालंय. तरी तुमी म्हणालात, तर एक नारळ देऊन सोडवून घेऊ."

"सोडवायचं नाय," मी म्हटलं. "शिक्षा मीच घातली ना? दोन हंडे ना? चल."

आणि भरलं हो पाणी! रोज सकाळी विहीर ते देऊळ. वाटेत पंचायत लागते. भाऊसाहेब मला बघून खिडकी लावून घ्यायचे. सुनंदा तिच्या पडवीतून विचारायची, "वैनी, दाखला कसा काढायचा ते परत एकदा शिकवा ना!" मी डोक्यावर दोन हंडे घेऊन मान वळवू शकत नव्हते, म्हणून ती वाचली.

मशीन घरात न्यायचं नाही हेही मीच घालून घेतलेलं. मग ते देवळाच्या सभामंडपात ठेवलं. अजून तिथेच आहे. भजनी मंडळी त्याच्यावर पखवाज ठेवतात. बरोबर उंचीला येतो म्हणतात.

पाणी भरता भरता काजूचा मोहर येऊन गेला. आणि एके दिवशी सकाळी माझ्या मोरीतून खोकल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर तोटी खोकत होती! खोकली, थुंकली, तो कोळी सहकुटुंब बाहेर पडला आणि मागोमाग पाणी. लाल, गढूळ, पण पाणी!

वाडीतल्या बायका धावत माझ्या अंगणात. सुनंदाने तर मला मिठीच मारली. "वैनी, तुमचंच काम हो हे! रोज पंचायतीसमोरनं हंडे नेलेत, शेवटी लाजले मेले! तुमच्या तोंडाला घाबरतो आख्खा गाव!"

भागीआत्या म्हणाली, "सुलूची ओटी भरा गो."

पूर्वीची मी असते, तर पदर पुढे केला असता. पण आता मी शहाणी झालेय. म्हटलं, थांबा गो जरा. आत गेले, दार लावलं आणि मुंबईला फोन केला.

"अहो, खरं सांगायचं. देवाशपथ. ह्या वेळी काय भरलंत?"

पलीकडून अगदी बारीक आवाज आला.

"आमच्या वाडीवाल्यांच्या मुंबईतल्या मंडळाने वर्गणी काढून नवी मोटर दिली, ते तुला कोण बोललं गो?"