मातीवर ठेवलेला फेटा

आमचे हे, मालोजी पहिलवान, होळकर दरबाराच्या खुराकावर वाढलेले. कुस्ती हेच पोट. छत्रीबागेत आखाडा, आखाड्यामागे आमची खोली. संस्थान विलीन होऊन मध्यभारत राज्य झालं, दरबार गेला, खुराक बंद झाला, आणि एक दिवस भिंतीवर नोटीस लागली: ही जागा सरकारी दफ्तरासाठी घेणार. वर त्याच आखाड्यात कुस्त्या, आणि मान द्यायला पाहुणे मंत्रीसाहेब! काय म्हणावं या निर्लज्जपणाला?

ह्यांनी ग्वाल्हेरचा गडी चीत केला. मी खिडकीतून बघत होते. रिवाज असा, की जिंकणाऱ्याने पाहुण्यापुढे वाकायचं आणि पाहुण्याने त्याच्या डोक्यावर फेटा बांधायचा. हे वाकलेच नाहीत. मंत्र्याच्या हातातून फेटा घेतला, आखाड्याच्या मधोमध मातीवर ठेवला आणि भर सभेत गरजले, "साहेब, हीच माती घेताय ना? मग मान मला कशाला? हिलाच द्या!"

लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि दुसऱ्या दिवशी तेच लोक गल्लीत तोंड फिरवायला लागले. शेजारचे कृष्णराव, ज्यांची पोरं ह्यांनी फुकट घडवली, मला म्हणतात, "सखुवहिनी, पहिलवानानं कुस्ती लढावी, ये राजकारण क्यों?" म्हटलं, मेल्यांनो, तुमचं घर खणायला आले की मग विचारीन. घरात येऊन मात्र ह्यांच्यावरच आग पाखडली. "जरा वाकला असता तर कंबर मोडली असती काय? आता राहायचं कुठे?"

मग तुकोगंजातल्या सरकारी कचेरीतून आम्हा दोघांना बोलावणं आलं. दफ्तरात अच्युतराव नावाचे साहेब, आपलेच मराठी. म्हणाले, "मालोजी, कुस्तीत डोक्याला मार लागला, भान नव्हतं, एवढं बोला. आखाडा मी वाचवतो." हे जमिनीकडे बघत उभे. साहेब माझ्याकडे वळून हसले. "वहिनी, तुम्हीच सांगा. पहिलवान लोकांना डोकं जरा कमीच असतं, हम समझते हैं."

अस्सं! घरून मी पाय धरायचं ठरवून आले होते. पण ते हसणं बघून अंगाची लाही लाही झाली.

"डोकं अगदी ठिकाणावर होतं," मी म्हटलं. "मंत्र्याला नीट ऐकू आलं नसेल, तर हे परत सांगतील."

झालं. आखाडा गेला.

मजूर बुजवायला येणार त्या दिवशी सकाळी बघते तो काय, हे नेहमीसारखे फावड्याने माती खणतायत. अंगाला लागू नये म्हणून आखाड्याच्या मातीत तेल, हळद, ताक घालतात, तेही घालून झालेलं.

"अहो, वेड लागलंय का?" मी खेकसले. "आज बुजवणार ना? आता कुणासाठी?"

"तिला अशी कोरडी पाठवू काय?" हे म्हणाले.

माझा जीव तुटला, रागही आला. घरात कढीसाठी ताक राखून ठेवलं होतं. तेही नेऊन ओतलं.