आबांचं उसवणं

माझ्या सासऱ्यांइतका राबणारा आणि त्यांच्याइतकं काहीही पुरं न करणारा माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा झाला नसेल. धुळ्याच्या एका शाळेत ते चित्रकला शिकवत. दर हिवाळ्यात तिबेटी लोक धुळ्यात स्वेटर विकायला बसत, त्यांतल्या एका आजीबाईंकडून आबा गालिचा विणायला शिकले. आडव्या सळईवर लोकरीच्या गाठी घ्यायच्या, ओळ भरली की सळईवरचे वेढे सुरीनं कापायचे, अशा हजारो गाठी. पुढच्या हिवाळ्यात आजीबाई लोकरीचं गाठोडं घेऊन आल्या, रेशीम आबांनी येवल्याहून आणलं आणि मधल्या खोलीत माग उभा राहिला. चार कोपऱ्यांत चार ढग, मध्ये रेशमी कमळ. एकुलत्या लेकीला सासरी पाठवायचं ते हा गालिचा देऊनच, असं त्यांनी जाहीर केलं. ती लेक म्हणजे माझी बायको, त्यामुळे पुढचा सगळा जाच मी स्वतः भोगलेला आहे.

आबांना चूक खपत नसे. दिवसभरात चार ओळी विणायच्या, संध्याकाळी तपासायच्या आणि एक गाठ चुकलेली दिसली की चारही उसवायच्या. तपासायला लेक बसे. तिची नजर बापापेक्षा तिखट. "आबा, आठे चुकनं," असं ती त्या जागेवर बोट ठेवून म्हणाली की सासूबाई कपाळाला हात लावत, आबा मात्र सुखावून जात. माझी पोर तोंडावर खरं सांगते, हे ते आल्यागेल्याला ऐकवत. लोकरीचे तंतू उडतात म्हणून त्या खोलीत पंखा बंद, तोही धुळ्याच्या मे महिन्यात. मुलगी बघायला आम्ही जळगावहून गेलो तेव्हा मला त्याच खोलीत बसवलं होतं. माझा निथळणारा घाम पाहून मुलगा घाबरट आहे असं तिच्या मावशीचं मत झालं, ते आजही कायम आहे.

साखरपुडा झाला, पण गालिचा पुरा झाल्याशिवाय तिथी काढायची नाही असं आबांनी सांगितलं. तेव्हा गालिचा वीतभर होता. दोन वर्षांनी पाहिला तेव्हा उसवून उसवून चारच बोटं उरला होता. मी रडकुंडीला आलो. शेवटी सासूबाईंनी जेवण सोडलं तेव्हा कुठे तिथी निघाली. पाठवणीच्या वेळी आबा मांडवाच्या कडेला रिकाम्या हातांनी उभे होते, आणि त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

लग्नानंतर काही वर्षांनी आबांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला. आता ऑपरेशनचाही उपयोग नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आणि गालिचा वाढू लागला. चूक दिसेना, म्हणून उसवणं थांबलं. इतक्या वर्षांत जे झालं नाही ते दीड वर्षात झालं. डोळे असताना विणलेले खालचे दोन ढग बघत राहावे असे होते. वरचा एक हिरवा निघाला, दुसऱ्याच्या जागी नुसताच गोळा आला, कमळाच्या पाकळ्या एका बाजूला कलंडल्या. आम्ही सगळे बघत होतो आणि कुणाचीच जीभ उचलत नव्हती. चूक सांगावी तर आबा उसवणार, आणि पुन्हा विणायला त्यांच्याकडे डोळे नव्हते. इतका हताश मी आयुष्यात कधी झालो नाही.

गालिचा मागावरून उतरवला त्या दिवशी आम्ही दोघं धुळ्याला गेलो. आबांनी तो चाचपडत फरशीवर पसरला आणि लेकीला शेजारी बसवून घेतलं. ती बराच वेळ त्या हिरव्या ढगावर हात ठेवून होती.

"काही चुकनं का?" आबांनी विचारलं.

"काहीच नही, आबा."

हे उत्तर तिच्या तोंडून आबांनी आजवर कधीच ऐकलं नव्हतं. मग चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "आज तू खरी सासरले गयी, माय."

गाडीची वेळ झाली म्हणून मी गालिचा गुंडाळायला पुढे झालो. तिनं मला हातानंच थांबवलं आणि बापाशेजारी त्यावर तशीच बसून राहिली.