निंबाआडचा ध्रुव

लाईन गेल्याचा मनापासून आनंद होणारी बाई अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच निघाली, आणि ती नेमकी माझ्या वाट्याला थोरली जाऊ म्हणून आली. संध्याकाळ झाली की लोडशेडिंग ठरलेलं, असे ते दिवस होते. वीज गेली की सगळी वस्ती वीजवाल्यांच्या नावानं बोटं मोडायची. पंखे थांबायचे, कूलर गुरगुरत बंद पडायचे, मी काडेपेटी शोधताना हमखास टेबलाच्या कोपऱ्यावर आपटायचे, आणि तेवढ्यात वरून जाऊबाईंचा आवाज यायचा, “अवं, ये न वं वर! काय झकास अंधार पडला!” मी कचेरीतून येऊन कणीक भिजवत असायचे. हात कणकेत, घामाच्या धारा, आणि ही बाई अंधाराचं कौतुक करतेय. “पोळ्या कोण लाटणार, तारे?” मी खालून विचारायचे. “चंद्र लाटते न गोल गोल,” वरून उत्तर तयार असायचं.

आम्ही तेव्हा उन्हाळाभर गच्चीवरच झोपायचो. संध्याकाळी गच्चीवर बादल्यांनी पाणी मारायचं, वाफ निघून गेली की गाद्या टाकायच्या, कोपऱ्यात माठ ठेवायचा. ही कामं माझी, आणि मी ती चोख करत असे. पण कोणाची गादी कुठे टाकायची हे जाऊबाई ठरवायच्या, आणि तेही खाली पाहून नाही, वर पाहून. “पाहुण्याईले विंचवाखाली नोको टाकू, नवीन माणसाले झोप येत नाही,” असं सांगून त्यांनी विंचू कायमचा माझ्या डोक्यावर ठेवला. सासूबाईंना सप्तर्षींखालची जागा. सप्तर्षींना त्या सप्तर्षी म्हणत नसत, राळेगावकडच्या त्यांच्या माहेरी म्हणतात तसं बाज म्हणत. चार तारे म्हणजे म्हाताऱ्या बाईच्या बाजेचे चार पाय आणि मागचे तीन म्हणजे ती बाज ओढून नेणारे चोर. “म्हातारीची बाज म्हातारीच्या डोक्यावर,” असं त्या एकदा सर्वांसमोर बोलल्या, आणि सासूबाईंनी तो उन्हाळा अबोल्यात काढला. शिवाय आकाश एका जागी राहत नाही, त्यामुळे आमच्या गाद्याही राहत नसत. भल्या पहाटे मला हलवून उठवत, “विंचू सरकला वं, तू बी सरक थोडी,” असं सांगणारी जाऊ कोणाला असेल तर तिनं मला भेटावं. आम्हाला बोलायला भरपूर विषय असतील.

त्यांचं आकाश पुस्तकातलं नव्हतं, आमच्या आसपासचंच होतं. जिनिंगला कापूस नेणाऱ्या गाड्या गेल्या की रस्त्याच्या कडेच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकून राहतात, ते आमच्याकडे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. आकाशगंगा दाखवताना जाऊबाई तेवढंच म्हणायच्या, “वर बी कोणाची तरी गाडी जिनिंगले गेली.” मुलांना लगेच दिसायची. शुक्र म्हणजे त्यांच्या मते नवी सून, सर्वांत चमकदार आणि घरात फार वेळ न थांबणारी. चंद्रावर मात्र त्यांचा राग होता. बुद्धपौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून विहारात वंदनेला सर्वांत पुढे बसायच्या, खीर वाटायच्या, आणि घरी आल्यावर गच्चीवर उभं राहून त्याच पौर्णिमेच्या चंद्राला रागवायच्या, “एवढा उजेड कायले पाडून राह्यला रे? बाकीच्याईले दिसू दे न जरा!”

आमच्या शेजारच्या काकू साडेसातीच्या भीतीनं दर शनिवारी शनीला तेल वाहायला जात. एकदा एका शाळेच्या मैदानावर कॉलेजच्या पोरांनी दुर्बीण लावली, तेव्हा जाऊबाईंनी काकूंना हाताला धरून तिथे नेलं. मलाही नेलं, कारण टॉर्च माझ्याकडे होता. आपला नंबर आला तशा त्या दुर्बिणीला डोळा लावून ज्या उभ्या राहिल्या, त्या हलेनात. मागच्या रांगेत कुरकुर सुरू झाली. शेवटी मान वर करून म्हणाल्या, “अवं, हा तर बांगडीत अडकलेलं बोर दिसते!” मग काकूंना पुढे ढकललं. “पाह्य नीट. याले भेऊन तू तेल वाहून राह्यली? तो बिचारा तिकडं एवढ्या दूर, त्याले तुया घरचं काय घेणं?” काकूंनी पाहिलं, हात जोडले, आणि पुढचा महिनाभर आमच्याकडे विरजण मागायला आल्या नाहीत. मी पण पाहिलं. खरंच बांगडीत अडकलेलं बोर होतं. मला ते पटलं याचा मला थोडा रागच आला.

या सगळ्या ताऱ्यांत जाऊबाईंचा सर्वांत जवळचा तारा ध्रुव, आणि त्याचं कारण त्यांचे यजमान, म्हणजे माझे भासरे. त्यांना सगळे भाऊ म्हणत. ते एसटीत ड्रायव्हर होते आणि त्यांच्याकडे बरीच वर्षं ढाणकीची मुक्कामी गाडी होती. संध्याकाळी गाडी तिथे लागायची, सकाळी तीच घेऊन परत. उन्हाळ्यात ड्रायव्हर-कंडक्टर जेवण करून गाडीच्या टपावरच अंथरूण टाकायचे. घरी फोन नव्हता. तेव्हा लग्नानंतर लवकरच जाऊबाईंनी ठरवून टाकलं की जेवणं झाली की इकडे गच्चीवरून त्यांनी आणि तिकडे टपावरून भाऊंनी ध्रुवाकडे पाहायचं. ध्रुवच का, तर “बाकीच्याईचा भरोसा नाही, सरकतात.” दुसऱ्या दिवशी भाऊ घरी आले, पाय धुतले, चहाचा कप हातात घेतला, की पहिला प्रश्न ठरलेला, “पाह्यलं?” आणि भाऊ कपातून वर न पाहता सांगायचे, “पाह्यलं न.” एवढंच. त्यावर जाऊबाईंचा चेहरा असा व्हायचा, की मी भांड्यांकडे वळायचे. माझं आणि माझ्या नवऱ्याचं एकाच खोलीत राहून कोणत्याही एका वस्तूकडे एका वेळी पाहणं झालेलं नाही, टीव्ही सोडला तर.

ध्रुव शोधायची जाऊबाईंची रीत अगदी बरोबर होती. बाजेच्या पुढच्या दोन पायांवरून रेघ ओढायची आणि ती रेघ धरून खाली यायचं. पण आमच्या गच्चीवरून ती रेघ खाली येता येता शेजारच्या काकूंच्या कडुनिंबात शिरायची, आणि निंबातून बाहेर पडायची ती थेट एका पांढऱ्या, ठळक, न हलणाऱ्या ताऱ्यावर. जाऊबाईंनी तो सासूबाईंना दाखवला, मला दाखवला, माझ्या आणि त्यांच्या मुलांना दाखवला. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला जेवणानंतर बडीशेप आणि ध्रुव मिळायचाच. वाऱ्यावादळात, धुळीत, कधी कधी तर ढगांतही तो दिसायचा. “तप करणाऱ्याचं तेज हाय ते,” सासूबाई म्हणायच्या.

मग एका संध्याकाळी, वळवाच्या वाऱ्यानं कुठले तरी खांब पाडले असतील, नेहमीपेक्षा मोठी लाईन गेली. सगळ्या दिशांना काळोख. जाऊबाई खुशीत गच्चीवर आल्या, वर पाहिलं, रेघ ओढली, आणि थांबल्या. “मोठ्याई,” माझी मुलगी ओरडली, “ध्रुव गेला!” आम्ही सगळे कठड्याशी धावलो. निंबाखाली खरंच काही नव्हतं. जाऊबाई शकुन-अपशकुन मानणाऱ्यातल्या नव्हत्या. शनीची टिंगल करणारी बाई ती. पण भाऊ त्या दिवशी ढाणकीला होते आणि वारा तिकडूनच आला होता. त्या गादीच्या कडेला बसल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. “असं कसं होईन वं?” मला विचारलं, “तो तर जात नसते न?” मी पाण्याचा पेला हातात दिला. बऱ्याच वेळानं वस्तीत लाईन आली, घराघरातून ओरडा झाला, आणि त्याच क्षणी निंबाखाली ध्रुव दोनदा लुकलुकला, जरा थांबला, आणि लख्ख पेटला.

ट्यूबलाइट जशी पेटते, अगदी तसा. कारण ती ट्यूबलाइटच होती. पलीकडच्या कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीच्या माथ्यावरची. टाकीची लाईन वेगळी, त्यामुळे लोडशेडिंगमध्ये ती कधी जातच नसे. दिवसा तिथे टाकी दिसायची आणि रात्री ध्रुव दिसायचा, आणि या दोन गोष्टी एकाच जागी आहेत हे इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी शिकलेली बाई, मी सगळ्यात आधी हसले. मग मुलं हसली, सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. जाऊबाई हसल्या नाहीत. सगळे शांत झाल्यावर एवढंच म्हणाल्या, “तुमच्या भाऊले सांगू नोका कोणी. तो बिचारा टपावर पडून खरा ध्रुव पाह्यते, अन मी टाकी पाहून राह्यली होती.”

दुसऱ्या दिवसापासून खरा ध्रुव मिळवण्याची खटपट सुरू झाली. तो निंबात होता. जाऊबाई साडी खोचून आमच्या गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीवर चढल्या, तरी निंब उंचच. शेवटी त्या काकूंकडे गेल्या आणि एक फांदी मागितली. काकूंनी संधी सोडली नाही. “माया शनीले हसली होती न?” त्या म्हणाल्या. “आता कोणता तारा पाह्यजे तुले?” बराच वेळ कुंपणावरून बोलणी चालली. ठरलं असं, की जाऊबाईंनी यापुढे शनीबद्दल चकार शब्द काढायचा नाही आणि काकूंनी एक फांदी द्यायची. एक फांदी पुरली, कारण ध्रुव हलत नाही. दुसरा कोणताही तारा असता तर काकूंचं झाड गेलं असतं. फांदी पडली त्या संध्याकाळी आम्ही सगळे त्या फटीतून पाहायला जमलो. बारीकसा, फिकट, ओळख करून दिल्याशिवाय नजरेत न भरणारा एक तारा होता. जाऊबाईंनी डोळे बारीक करून पाहिलं. “एवढासाच?” त्या म्हणाल्या. मग त्याला वाईट वाटू नये म्हणून की काय, “जाऊ दे, आपलाच हाय,” असंही म्हणाल्या. काकूंशी केलेला करार त्यांनी पाळला. शनिवारी काकू तेलाची वाटी घेऊन निघाल्या की जाऊबाई ओठ दाबून विरुद्ध दिशेला पाहत.

भाऊ निवृत्त झाले त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा त्यांची गादी रोज गच्चीवर पडू लागली. पहिल्याच दिवशी जाऊबाईंनी त्यांचा हात धरून फट दाखवली. “हा पाहा. तुमचा ढाणकीचा.” भाऊंनी पाहिलं, डोकं खाजवलं आणि विचारलं, “हा कोण?” जाऊबाई चमकल्या. “अवो, ध्रुव! रोज पाहत होते न टपावरून?” भाऊ सरळ माणूस. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “खरं सांगू काय? दिवसभर गाडी हाकून जेवलो की टपावर आडवा झालो का घोरायले लागो. कंडक्टर हलवून सांगे, भाऊ, ध्रुव पाहा, वैनी विचारतीन. मी म्हणो, पाह्यलं.” मला वाटलं आता भांडण. जाऊबाई आधी नुसत्या त्यांच्याकडे पाहत राहिल्या, मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग त्या इतक्या हसल्या की खालून काकूंनी काय झालं म्हणून हाक मारली. “म्हणजे मी एकटीच टाकी पाहून राह्यली होती काय वं!” असं म्हणत त्यांनी भाऊंना टाकीची गोष्ट आपणहून सांगून टाकली. त्यानंतर रोज झोपण्याआधी जाऊबाई विचारायच्या, “पाह्यलं?” आणि भाऊ डोळे मिटलेले असतानाच म्हणायचे, “पाह्यलं न.”

भाऊ गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. जाऊबाई मुलाकडे नागपूरला राहतात. तिथे त्यांच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या दिसतात. आमच्या गच्चीवर आता कोणी झोपत नाही. खोलीत एसी आहे, गल्लीत नवे पांढरे दिवे आहेत, आणि त्यांच्या उजेडात विंचू, बाज, कापसाची गाडी सगळं धुऊन गेलं आहे. माझी कंबर दुखते, त्यामुळे गाद्या उचलायच्या नाहीत याचं मला दुःख नाही. जाऊबाईंचा फोन दर दोन-चार दिवसांनी येतो. तब्येत विचारत नाहीत. “लाईन हाय काय?” असं विचारतात. “आहे,” मी म्हणते. “अरे अरे,” त्या म्हणतात.

परवा जेवणाच्या वेळी वादळ आलं आणि लाईन गेली. गल्लीतले दिवेही गेले. मी भांडी तशीच टाकली, फोन घेतला, गुडघे धरत गच्चीवर गेले आणि नागपूरला फोन लावला. “गेली,” मी सांगितलं.

“सगळी? टाकीची बी?”

“टाकी पाडली जाऊबाई, मागच्या वर्षी.”

“बरं, मंग ध्रुव पाह्य न. फटीतून.”

मी पाहिलं. बाज वर होती, तिन्ही चोर आपल्या जागी होते. मी रेघ ओढत खाली आले. काकूंच्या निंबाला कधीची नवी फांदी फुटली आहे आणि फट पार बुजली आहे. मला खोटं बोलता येत नाही. “नाही दिसत,” मी म्हटलं. “निंब भरलाय.”

तिकडे मागे कुठेतरी लिफ्टचं दार वाजलं.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “तू पाह्यलं म्हण फक्त.”

“पाह्यलं न,” मी म्हटलं.

“मी बी पाह्यलं.”

तेवढ्यात इकडे लाईन आली. घराघरातून ओरडा झाला, काकूंच्या गेटवरचा दिवा लागला, निंब खालून वर हिरवा दिसू लागला. मी फोनवर हात ठेवला, तो आवाज तिकडे जाऊ नये म्हणून, आणि तशीच उभी राहिले.