उंची साडेतीन मनोरमा

नेहरू नगरात प्रभाकर देवपुजारीच्या आणि माझ्या घराची भिंत एकच आहे. त्यांच्याकडे कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते मला कळतं आणि माझा खोकला त्यांना. प्रभाकरचे वडील छप्पन साली सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले. प्रभाकर टी. टी. नगरच्या क्वार्टरमध्ये वाढला, सिंचन खात्यात लागला आणि सगळी नोकरी त्याने रायसेन-सिहोरकडे लहान बांध, कालवे आणि पुलिया, म्हणजे नाल्यांवरचे छोटे पूल, बांधण्यात घालवली. काम पुरं झालं की त्याचा फोटो काढायचा, हा त्याचा नेम.

फोटोतली गोष्ट केवढी आहे ते कळायला शेजारी ओळखीच्या मापाचं काहीतरी उभं करावं लागतं. खात्याच्या फोटोंसाठी आकडे रंगवलेली उंच मोजपट्टी असे. घरच्या फोटोंसाठी मनोरमावहिनी. वहिनींची उंची चपलेविना बरोबर पाच फूट, हे लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात याच्या लक्षात आलं आणि वहिनींचं नशीब ठरून गेलं. दर रविवारी डबा घेऊन निघायचं, वहिनींनी चप्पल काढून बांधाला टेकून उभं राहायचं आणि याने नाल्याच्या पलीकडून ओरडायचं, "हलू नकोस. वाकू नकोस. मान सरळ." मग फोटोच्या मागे निळ्या शाईत गाव, तारीख आणि माप. मी स्वतः वाचलंय, उंची साडेतीन मनोरमा. म्हणजे साडेसतरा फूट.

आम्ही याला पुष्कळ चिडवलं. तो चिडत नसे, उलट ही पद्धत किती बिनचूक आहे ते समजावून सांगे.

मागच्या वर्षी वहिनींची साठी जवळ आली. पुण्याहून मुलीचा, जुईचा फोन आला की आईचा एक छान फोटो पाठवा, मोठा करून समारंभात लावायचाय. दोन संध्याकाळी अल्बम पसरले गेले. भिंग घेऊन मलाही बोलावलं. पस्तीस वर्षांच्या संसाराचे नऊ अल्बम, पण वहिनींचा चेहरा तिळाएवढ्यापेक्षा मोठा कुठेच नाही. जुईच्या बारशाच्या फोटोतही मागे नवी पाण्याची टाकी.

वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "नका शोधू. मी गेले की भिंतीला एखादा बांध लावा आणि त्यालाच हार घाला."

मी हसलो. वहिनीही हसल्या, पण कप ठेवून त्या लगेच आत गेल्या. प्रभाकर काही हसला नाही. मला फाटकापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "वसंता, पस्तीस वर्षांत मी एकदाही जवळ गेलो नाही बघ." त्याचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने वहिनींना अंगणात उभं केलं आणि जवळून फोटो काढले. सतरा काढले. सतराही फोटोंत वहिनी टाचा जुळवून, हात अंगालगत, मान सरळ. कॅमेरा वर झाला की त्यांचं अंग आपोआप पट्टी व्हायचं. "हस ना जरा," तो म्हणाला, तेव्हा वहिनी न हलता हसल्या. तो फोटो तर पाहवेना.

साठीला तीन महिने होते. प्रभाकरने ठरवलं की आपलं शिक्षण कमी पडतंय, ते पुरं करायचं. टी. टी. नगरातल्या एका शाळेच्या हॉलात आमच्या फोटो मंडळाची रविवारी व्याख्यानं होतात. अनुभवी छायाचित्रकार येतात, फोटो दाखवतात, बोलतात. खुर्च्या मांडायचं काम माझं. प्रभाकर पहिल्या रांगेत बसू लागला, मांडीवर खात्यातली मोजमापाची लांबोडी वही.

एक जंगलात फिरणारे गृहस्थ आले. ते म्हणाले, धीर धरा, प्राणी तुम्हाला विसरला की खरा फोटो मिळतो. प्रभाकरने ते लिहून घेतलं आणि सोमवारी सकाळी तो स्वयंपाकघरासमोर स्टूल टाकून दोन तास बसला. वहिनी त्याला विसरल्या नाहीत. त्यांनी त्याच्याकडून मटार सोलून घेतले. नंतर वर्तमानपत्रातले एक जण आले, उजेडावर दीड तास बोलले, चहाच्या वेळीही बोलतच होते. त्या आठवड्यात वहिनींना खिडकीपाशी चाळीस मिनिटं बसवलं गेलं आणि आत वरण करपलं. त्याचा वास भिंतीपलीकडे मला आला. फोटोत उजेड सुरेख होता. उजेडात पट्टी बसली होती.

साठीला पंधरा दिवस उरले तेव्हा अख्तर मियाँ आले. जुन्या शहरात त्यांचा चाळीस वर्षं स्टुडिओ होता. ते भाषण करत नाहीत, लोकांनाच आपापले फोटो आणायला सांगतात आणि पडद्यावर पाहून बोलतात. प्रभाकरने अंगणातले सतरा नेले आणि धीर करून बांधांचेही नेले. अख्तर मियाँ एकामागून एक बघत गेले.

"खां, ये बीबी कौन हैं?" त्यांनी अस्सल भोपाळी थाटात विचारलं.

"जी, वो स्केल हैं," प्रभाकर म्हणाला.

हॉल हसून हसून लोळला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. अख्तर मियाँ मात्र हसले नाहीत. म्हणाले, "मैंने चालीस साल लोगों से कहा, ठुड्डी ऊपर, साँस रोको. घर जाकर वो फोटो देखते तो खुद को पहचानते नहीं थे. कसूर इनका नहीं है मियाँ. ये तो वही कर रही हैं जो आपने सिखाया. अब भुलाना भी आपको ही पड़ेगा."

"कैसे?" प्रभाकरने पेन उघडून विचारलं.

"वो मुझे क्या मालूम. बीबी आपकी हैं."

परतताना प्रभाकर माझ्या स्कूटरवर मागे बसला होता. लिंक रोडच्या सिग्नलला एकदम म्हणाला, "वसंता, दुसऱ्या काठावरून वाचन."

मला काही कळलं नाही. त्याने घरापर्यंत समजावलं. नदीच्या अल्याडपल्याडची उंची मोजताना यंत्रात थोडी चूक असतेच. ती काढायची तर आधी या काठावर यंत्र आणि त्या काठावर पट्टी, मग अदलाबदल. दोन्हीकडून वाचन घेतलं की चूक आपोआप निघून जाते. "पस्तीस वर्षं यंत्र माझ्याकडेच आहे," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी डबा, थर्मास आणि मी, असे सगळे केरवा रस्त्याच्या बाजूच्या एका नाल्यावर गेलो. तिथली पुलिया यानेच बांधलेली. प्रभाकरने वहिनींच्या गळ्यात कॅमेरा अडकवला, चप्पल काढली आणि पुलियाला पाठ लावून उभा राहिला.

"हे काय नवीन?" वहिनी म्हणाल्या.

"मी पाच फूट सात इंच आहे. घे फोटो."

वहिनी पदर खोचून नाल्यापलीकडे गेल्या आणि तिथून त्यांचा आवाज आला. "हलू नका. वाकू नका. मान सरळ. पोट आत घ्या. ते आत घेतलंय? मग राहू द्या." पस्तीस वर्षांचा साठा होता तो, त्या एकही शब्द विसरल्या नव्हत्या. मी थर्मास खाली ठेवून हसत होतो. हा पठ्ठ्या मात्र उन्हात डोळे बारीक करून सरळ उभा.

मग वहिनी कॅमेरा डोळ्याला लावून पुढे यायला लागल्या. नाला कोरडाच होता, त्या उतरल्या, चढल्या आणि येत येत त्याच्यापासून दोन हातांवर येऊन थांबल्या. खटका वाजला. प्रभाकरने वाकून पाहिलं तर फोटोत नुसता त्याचा चेहरा, कपाळावर घाम, चौकट अगदी कानापर्यंत भरलेली.

"अगं, पुलिया कुठाय?"

"पुलिया मला काय करायचीय?" वहिनी म्हणाल्या. "मी तुमचा फोटो काढला."

त्याचे डोळे भरून आले. आपला अभियंता रडतोय हे पाहून वहिनींना आधी आश्चर्य वाटलं आणि मग हसू फुटलं, कमरेवर हात ठेवून, पदर सुटलेला, कॅमेरा गळ्यात लोंबतोय, केस कपाळावर. प्रभाकरने खिशातून मोबाइल काढला आणि जिथे होता तिथूनच फोटो घेतला. धीर नाही, उजेडाचा विचार नाही, वही तर घरीच राहिली होती.

साठीच्या दिवशी तोच फोटो मोठा होऊन समारंभाच्या हॉलात लागला. मागची टेकडी चांगली सात अंश कललेली आहे, प्रभाकरनेच मोजून सांगितलं, आणि सरळ करून देतो म्हणणाऱ्या दुकानदाराला त्याने हात लावू दिला नाही. फ्रेम खिळ्याला अडकवायचं काम माझ्याकडे होतं. सवयीने मी ती उलटून पाहिली. मागे निळ्या शाईत गाव होतं, तारीख होती आणि खाली लिहिलं होतं, उंची मोजली नाही.